खिडकीशेजारचा समुद्र

माणसाने आयुष्यात एकदा तरी समुद्राची जबाबदारी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. मी घेतली तेव्हा समुद्र चार फूट लांब होता, बैठकीच्या खोलीत खिडकीशेजारी होता आणि डाव्या कोपऱ्यातून गळत होता.

त्या जागी आधी सासऱ्यांची आरामखुर्ची होती. ती हलवायला बायकोने परवानगी दिली, पण फुकट नाही. बायको दातांची डॉक्टर आहे. दुखणं मुळासकट उपटायची तिला सवय आहे.

"तुझी बासरी बघितली, मातीकाम बघितलं, पावाचं पीठ फ्रिजमध्ये फुटलं तेही बघितलं," ती म्हणाली. "एक गोष्ट तरी तडीस ने. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी टाकीत मासा दिसला नाही, तर बाबांची खुर्ची खिडकीत आणि टाकी बाहेर."

"आणि दिसला तर?"

"तर बासरीचा विषय मी जन्मात काढणार नाही."

एवढं मोठं बक्षीस आमच्या घरात आजवर कोणी लावलं नव्हतं. मी कामाला लागलो.

गोड्या पाण्यातले मासे कोणीही पाळतो. खाऱ्या पाण्याचं शास्त्र वेगळं. आधी पाणी इतकं शुद्ध करायचं की त्यात काहीच उरू नये, आणि मग त्यात मीठ कालवून ते बिघडवायचं. मीठ कमी पडलं म्हणून वाढवलं, जास्त झालं म्हणून पाणी ओतलं, पाणी जास्त झालं म्हणून पुन्हा मीठ. नमनालाच पोतंभर मीठ गेलं. उडालेल्या पाण्याचं मीठ प्लगवर साचलं, पडद्यावर साचलं, माझ्या चष्म्यावरही साचलं. पंप असा घरघरायला लागला की सासरे आतून म्हणाले, "आता माझ्या घोरण्याबद्दल कोणी एक शब्द काढायचा नाही."

एवढं केल्यावर मासे सोडता येतात, असा कोणाचाही समज होईल. माझाही होता. पण आधी टाकीत समुद्रातले दगड रचायचे आणि स्वस्थ बसायचं. त्या दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जंतू वाढतात आणि माशांची घाण पचवतात. ते नसले तर त्या घाणीचं विष होतं आणि मासे मरतात. थोडक्यात, मी आठवडेच्या आठवडे जंतू पाळत होतो. घरी आलेली माणसं काचेला नाक लावून विचारायची, "काय आहे यात?"

"जंतू."

नाक मागे जायचं.

सासरे रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन टाकीसमोर उभे राहायचे. खिडकीत आपली खुर्ची नाही, हे न बोलता सांगायची ती पद्धत. "काय जावईबापू, दगडांनी आज काही खाल्लं का?"

मासे मात्र मी ठरवून ठेवले होते. नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी. "जमलेली जोडी आहे साहेब, फोडून देत नाही," दुकानदार म्हणाला. "एकमेकांशी भांडत नाहीत. हल्ली कुठे मिळतं असं? रविवारी संध्याकाळपर्यंत ठेवतो. पुढे माझा इलाज नाही, दुसरं गिऱ्हाईक डोळा ठेवून बसलंय."

अशात दगडांवर तपकिरी थर चढला. नव्या टाकीत तो चढतोच, ते चांगलं लक्षण आहे. बायकोने वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा पेशंटने तोंड उघडल्यावर होतो तसा झाला.

"किटण आहे हे."

"किटण नाही. टाकी वयात येतेय."

"असे वयात आलेले माझ्याकडे रोज येतात."

मुदतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी मी पाण्यात औषधाचे थेंब टाकून रंग पाहिला. स्वच्छ पिवळा. विष शून्य. जंतू कामाला लागले होते. मी खोलीच्या मधोमध उभं राहून ओरडलो, "उद्या मासे येणार!"

हे बोलायला नको होतं. आमच्याकडे कोणी येणार म्हटलं की घर घासायची रीत आहे. नळ दुरुस्त करणारा येणार असला तरी त्याच्यासाठी बेसिन लखलखीत होतं.

संध्याकाळी ऑफिसातून परतलो तर बायको दारातच उभी होती. "डोळे मीट," म्हणाली. हात धरून टाकीपाशी नेलं. "आता उघड."

दगड पांढरेशुभ्र होते. जाहिरातीतल्या दातांसारखे.

"बादलीतून दवाखान्यात नेले. दातांचं किटण काढायचं मशीन एकेकावर फिरवलं. मग मोठे जंतुनाशकात बुडवले, छोटे भट्टीत घातले, हत्यारांबरोबर. फिल्टरचा स्पंज पण नवा टाकलाय. दोन पेशंट पुढच्या आठवड्यावर ढकलले तुझ्यासाठी." तिने कपाळावरचे केस मागे सारले. "एका दगडाला तर इतकी खोल पोकळी होती ना, भरूनच टाकणार होते."

"जंतू?" मी विचारलं.

"एक शिल्लक नाही. लिहून देते."

मला ओरडायचं होतं. पण जी बाई माझी बासरी ऐकायला कधी दाराशीही थांबली नव्हती, ती माझ्या दगडांसाठी दुपारभर उभी होती. मी नुसता सोफ्यावर बसलो. कशाचं काय झालं ते सांगितलं. तीही बसली.

रविवारी थेंब टाकल्यावर पाण्याचा रंग हिरवा आला, म्हणजे विष. दगडांच्या भोकांत मेलेलं राहिलंसाहिलं सगळं सडत होतं.

"आजच्या दिवस सोड ना त्यांना," बायको हळूच म्हणाली. "मासा दिसला की अट पूर्ण."

"मरतील."

"लगेच?"

"आठवड्याभरात."

"मग रविवार निघेल की," सासरे म्हणाले.

त्या दोघांकडे पाहिलं आणि दुकानात फोन लावला. म्हटलं, राहू द्या. दुकानदाराने का म्हणूनही विचारलं नाही. "बांधून दे रे," असं तो कोणाला तरी म्हणाला आणि फोन ठेवला.

"मुदत वाढवून देते," बायको म्हणाली. "चूक माझी आहे. हवं तर मी शिकते जंतू पाळायला."

मी पांढऱ्या दगडांकडे बघितलं. पुन्हा तेच पाणी, तेच मीठ, तीच घरघर, पुन्हा काचेला नाकं. नको म्हणालो. संध्याकाळी सासऱ्यांची खुर्ची मीच उचलून आणली.

टाकी आता बायकोच्या दवाखान्यात आहे. तिच्यात लहान मुलांना वाटायचे टूथब्रश ठेवतात.