कोंडीरामने निवडलेला शाफ्ट

“हा नको, साहेब,” कोंडीराम म्हणाला. “दिसायला पहिलवान हाय, पण ह्या कामाचा न्हाई.”

घोरपडेसाहेबांच्या टेबलावर पोतं अंथरून तीन कॅमशाफ्ट ठेवले होते. ट्रॉलीवरून ते मीच आणले होते आणि कुणी जा म्हटलं नाही म्हणून भिंतीला टेकून उभा राहिलो होतो. १९८१ सालचा फेब्रुवारी. आमची कंपनी पिंपरीत ट्रकची आणि जनरेटरची इंजिनं करायची. त्या वर्षी मोटारीच्या छोट्या इंजिनाला टर्बो लावून बघायचं वरच्यांच्या मनात आलं. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावरच फिरणारा पंखा, तो आत हवा कोंबतो. आणि झडपा कधी उघडायच्या, कधी मिटायच्या, हे ठरवतो तो कॅमशाफ्ट. तो चुकला तर सगळंच मुसळ केरात. मोठ्या साहेबांना पहिला शाफ्ट आवडला होता. शर्यतीच्या गाड्यांना तसलाच असतो म्हणे.

“का नको?” घोरपडेसाहेबांनी विचारलं.

कोंडीरामने शाफ्टवरच्या दोन उंचवट्यांवर अंगठा आणि बोट टेकवलं. “ही दोन नाकं लई जवळ हायेत. म्हंजे हवा घ्यायची झडप आन् धूर सोडायची झडप, दोनी बराच वेळ संगंच उघड्या राहणार. साध्या इंजिनाला चालतंय. हितं पंखा हवा कोंबणार, आन् ती म्होरल्या दारानं येऊन मागल्या दारानं जाणार. सायकलच्या ट्यूबला पंप मारायचा आन् वॉल काढून ठेवायचा, तसलं काम.” मग त्याने तिसरा शाफ्ट पुढे सरकवला. “ह्यो घ्या. गरीब दिसतोय, पण आपल्या टर्बोच्या जनरेटरचा बी असाच असतोय. अठरा वर्षं माज्या बोटाखालनं जातोय.”

साहेबांनी ड्रॉइंग काढलं, पट्टी लावली, बराच वेळ आकडेमोड केली. चष्मा काढून म्हणाले, “ओव्हाळ, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. शिफारशीत तुमचंही नाव लिहितो. शंभर तास हे इंजिन नीट चाललं, की तुम्हाला ट्रायल खात्यात मागून घेतो.”

कोंडीराम ओव्हाळ देहूरोडचा. त्रेसष्ट साली हेल्पर म्हणून लागला आणि शाफ्ट घासायच्या मशिनवर जो उभा राहिला तो तिथेच. त्याच्या मागून आलेले चार्जहँड झाले, सुपरवायझर झाले. याचं नाव यादीत कधी आलं नाही आणि का आलं नाही हे आम्ही सगळे जाणून होतो. तो मला तुम्ही म्हणायचा, मी त्याला अरे-तुरे करायचो. मी रहाटणीचा, शेतीवाडीवाला. हे बदलावं असं अठरा वर्षांत मला एकदाही वाटलं नाही.

त्याने आरशासारखा केलेला शाफ्ट पुढे माझ्या टाकीवर यायचा. टाकीत गरम फॉस्फेट. त्यात बुडवला की शाफ्टवर काळा, मंद थर चढायचा. म्हणजे याची चमक मशिनवरून माझ्या टाकीपर्यंतची, पन्नास पावलांची. एकदा कँटीनमध्ये त्याने विचारलं होतं, “मारुतराव, येवढं मरमर घासतो मी, आन् तुमी काळं फासता. कशापायी?”

“दृष्ट लागू नये म्हणून,” मी म्हणालो. “तीट लावतोय तुज्या बाळाला.”

सगळे हसले. तोही हसला. मग मी म्हणालो, “आरं, गंज धरू नये म्हणून.” तेवढंच सांगितलं. तो थर नव्या इंजिनात तेल धरून ठेवतो, पहिले काही तास धातूला धातू खाऊ देत नाही, हे मला कंपनीच्या सहा दिवसांच्या वर्गात शिकवलं होतं. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण त्याला काय करायचंय, असं मला वाटलं.

ट्रायलचं इंजिन जोडायच्या दिवशी शाफ्ट फडक्यात गुंडाळून आला. कोंडीरामनेच फडकं सोडलं. शाफ्ट लखलखत होता. आदल्या दिवशी, शेवटची तपासणी म्हणून त्याच्याकडे दिला असताना, त्याने आठ तास खपून माझा काळा थर पुरता उतरवला होता. लगेच तेलात बसणार, मग गंज कशाला धरतोय, असा त्याचा हिशेब. एकदा तरी साहेबलोकांनी त्याचं काम उघडं बघावं, एवढीच त्याची इच्छा होती. आणि सगळे बघायला आलेच. मोठे साहेबसुद्धा वाकून म्हणाले, “फिनिश चांगलं आहे.” कोंडीरामने मान खाली घातली, पण कान लाल झालेले मला दिसले.

थर गेलाय आणि शाफ्ट झिजू शकतो, हे मला कळलं होतं. तिथे कळणारा मी एकटाच होतो. मोठे साहेब उभे, मी टाकीवरचा माणूस, आणि कोंडीरामचा तसला चेहरा मी कधी पाहिला नव्हता. काही होणार नाही, असं मी मनाशी म्हटलं. माणूस गप्प बसायचं ठरवतो तेव्हा त्याला कारणं शोधावी लागत नाहीत.

पहिल्या दिवशी इंजिनाने असा जोर दाखवला की घोरपडेसाहेबांनी काटा बघायला कोंडीरामला मुद्दाम बोलावून नेलं. त्याने घरी बायकोला, कस्तुराला, सांगूनही टाकलं, आता शिफ्ट सुटणार, जनरल ड्यूटी लागणार. तिसऱ्या दिवशी एकतीस तास भरले आणि इंजिन टकटक करायला लागलं. उघडलं तर चार नाकं झिजून सपाट. रजिस्टरमध्ये ओळ पडली: कॅमशाफ्टची निवड चुकीची, शिफारस घोरपडे, ओव्हाळ. आठवड्याच्या आत घोरपडेसाहेबांची बदली चाकणच्या माळावरच्या गोदामावर झाली.

प्रयोगशाळेतल्या माणसाने शाफ्ट बघून कोंडीरामला सहज विचारलं, ह्याच्यावरचा थर कुठं गेला? तिथून तो सरळ माझ्याकडे आला. टाकीची वाफ आमच्या मध्ये होती.

“मारुतराव, ते काळं त्याल धरायला असतंय?”

“व्हय,” मी म्हणालो.

तो वळला आणि गेला. पुढे काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

गुरुवारी कारखान्याला सुट्टी होती, गोदाम मात्र चालू असायचं. मी येतो म्हणालो, त्याने नको म्हटलं नाही. एसटीने आम्ही चाकणला गेलो. घोरपडेसाहेब पत्र्याच्या शेडमध्ये खोकी मोजून घेत होते. आम्हाला बघून त्यांनी स्वतः दोन स्टुलं ओढली. कोंडीराम बसला नाही.

“साहेब, निवड बरुबर व्हती. मी थर उतरवला. झिजला तो माज्यामुळं. तुमी तसं लिवा, मी सही करतो. नोकरी गेली तर जाऊ द्या, पण तुमाला परत बोलवतील.”

हे वाक्य त्याने बसमध्ये मनात घोकलं असणार, कारण बोलून झाल्यावर तो दमल्यासारखा दिसला.

साहेबांनी हातातली यादी खोक्यावर ठेवली. मग म्हणाले, “ओव्हाळ, टर्बोचं काम बंद करायचा कागद आपलं इंजिन बिघडायच्या दोन दिवस आधीच निघाला होता. परदेशातून तयार इंजिन आणायचं ठरलंय. शंभर तास चाललं असतं तरी तुम्ही मशिनवरच आणि मी इथंच.”

“पण रजिस्टरात चूक लिवलंय, साहेब.”

“ते रजिस्टर आता कोण उघडणार?”

कोंडीराम शिक्षा घ्यायला आला होता. त्याच्या हातून झालेली एवढी मोठी चूक, तीही कुणाच्या हिशेबात नव्हती. साहेबांनी चहा मागवला. तो त्याने उभ्यानेच प्यायला.

परतीच्या एसटीत मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. कँटीनमध्ये खरं का सांगितलं नाही ते, आणि त्या दिवशी लखलखता शाफ्ट बघून गप्प बसलो तेही. तो खिडकीबाहेर बघत होता. मोशी गेल्यावर म्हणाला, “ऱ्हाऊ द्या, मारुतराव. तुमी सांगितलं असतं तरी मी उतरवलाच असता.”

हे खरं होतं की मला सोडवायला म्हणाला, ते मला आजही ठरवता येत नाही. खरं असेल तर त्याची कीव येते. खोटं असेल तर माझी मला येते.

पुढच्या आठवड्यात ट्रायलचं सामान मोडीत काढायचा हुकूम आला. मोडीतला शाफ्ट कुणी परत वापरू नये म्हणून त्याचे दोन तुकडे करावे लागतात, आणि ते काम नेमकं कोंडीरामच्या नावावर लागलं. मी करतो म्हणालो तर त्याने मान हलवली. शाफ्ट व्हाइसमध्ये धरला, दोन नाकांमधल्या मऊ जागी खडूची खूण केली आणि हॅक्सॉ चालवला. पंधरा-वीस मिनिटं तो न थांबता कापत होता. तुकडे वेगळे झाले. कापलेल्या कडांना बोट कापेल अशी धार राहिली होती. भंगारात जाणाऱ्या मालाची धार कुणी मोडत नाही. कोंडीरामने कानस घेतली, दोन्ही तुकड्यांच्या कडा गोल घासल्या, त्यांच्यावरून अंगठा फिरवून बघितला आणि एकेक तुकडा दोन्ही हातांनी पेटीत ठेवला.