निळा दोरा

मी एक जुनी टेलिफोटो लेन्स आहे. दूरचा पक्षी जवळ दाखवणे, एवढेच माझे काम. माझ्या आत सोळा काचा आहेत. त्यांतल्या दोन काचांवर आता बुरशी आहे.

कारखान्यातून निघाल्यावर सात वर्षे मी एका वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराकडे होते. सामने, मोर्चे आणि आगी पाहिल्या. मग जुन्या वस्तूंच्या दुकानातून मला एका शिंप्याने घेतले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. सुट्टीच्या दिवशी ते मला खांद्याला अडकवून तळ्याकाठी जात. त्यांचा कारागीर हसे. "मास्तर, तोफ घेऊन निघालात? चिमण्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

मित्रांनो, मास्तरांचा हात स्थिर होता. माझी काच ते अस्तराच्या मऊ कापडाने पुसत.

एकदा झुडपात बुलबुलाचे घरटे दिसले. आत तीन पिल्ले होती. पानांची एक फांदी नेमकी आडवी येत होती. मास्तरांनी खिशातला निळा दोरा काढला, फांदी बाजूला ओढून बांधली आणि ते पंधरा पावले मागे आले. आई चोचीत अळी घेऊन आली. तिन्ही चोची उघडल्या. फोटो मिळाला. मास्तर खुशीत घरी आले आणि त्यांनी लगेच तो स्पर्धेला पाठवला.

संध्याकाळी त्यांच्या मुलीने फोटो मोठा करून पाहिला.

"बाबा, कोपऱ्यात हे निळं काय आहे?"

"दोरा. फांदी मधे येत होती."

"नंतर सोडलात ना?"

मास्तर चष्मा पुसत राहिले. "राहिलं. सकाळी सोडतो. एवढ्यात काय होतंय?"

"गिऱ्हाइकाचं बटण राहिलं असतं, तर आत्ता गेला असतात."

उजाडताच दोघे गेले. सवयीने मीही खांद्यावर होते. घरटे रिकामे होते. वरच्या विजेच्या तारेवर कावळा बसला होता. आई अळी घेऊन आली, काठावर बसली, उडाली. पुन्हा आली. मास्तरांनी दोरा सोडला. फांदी जागेवर गेली आणि घरटे दिसेनासे झाले. माझे झाकण कुणी काढले नाही.

फोटोला पहिला क्रमांक मिळाला. परीक्षक म्हणाले, "घरट्याचा इतका स्वच्छ फोटो क्वचित दिसतो. मधे एक पानही नाही." दोऱ्याबद्दल कुणी विचारले नाही. मास्तरांनी मला दमट कपाटात ठेवून दिले. त्याला पाच वर्षे झाली.

मागच्या आठवड्यात मुलीने मला बाहेर काढले. मास्तर मशीनवरून न उठता म्हणाले, "ने. पण खिसे रिकामे करून जा."

तिने दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.

तळ्याकाठी फांदी आडवी आलीच. मुलगी दुपारपर्यंत बसून राहिली. फोटोत अर्धा पक्षी आला, अर्धे पान. तिने तो तसाच ठेवला.

मित्रांनो, माझ्यासारख्या लेन्सला कोरड्या जागी ठेवा. पान आडवे आले तर आडवेच राहू द्या. त्यामागे कुणीतरी राहत असते.