पान एकशे बारा आणि कोटाचं माप

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. किती जुनी ते विचारू नका. पहिल्या पानावर साल छापलं होतं, पण नेमका त्यावरच वाचनालयाचा शिक्का बसला, त्यामुळे मी सांगेन ते माझं वय. दोनशे चौसष्ट पानं, कापडी पाठ आणि मुखपृष्ठावर एक हिरवा डोंगर. कुणी कुणी माझ्यावर चहाचे कप ठेवल्यामुळे त्या डोंगरात आता दोन गोल तळीही झाली आहेत.

माझ्या पोटात एक गाव आहे. सातासमुद्रापलीकडे अ‍ॅपलाचियन नावाच्या डोंगररांगा आहेत, त्यांच्या एका घळीत ते वसलं आहे. एक रस्ता, एक लाकडी पूल, बंद पडलेली कोळशाची खाण, एक बेकरी आणि एक पोस्ट. एक तरुण शिक्षिका वारलेल्या आत्याचं घर विकायला म्हणून आठ दिवसांसाठी तिथे येते आणि शेवटच्या पानापर्यंत हलत नाही. गावातली सगळी माणसं मनाने चांगली. एक जण जरा खडूस वाटतो, पण पुढे कळतं की त्याची दाढ दुखत होती. आणि एक म्हातारा पोस्टमन आहे. बर्फ पडत असला तरी पूल ओलांडून पलीकडच्या वस्तीला पत्रं पोचवणारा. ह्या पोस्टमनवर जरा लक्ष ठेवा.

माझा जन्म छापखान्यातला. खिळे जुळवणारा कंपोझिटर पान एकशे बारापाशी आला आणि असा रडला की खिळे गंजले, ते पान दुसऱ्यांदा जुळवावं लागलं. तुम्ही म्हणाल, थापा. असतीलही. मी कादंबरी आहे, पावती नव्हे. मग बाइंडरने माझे फर्मे, म्हणजे छापील पानांचे जुडगे, शिवले, पाठीला सरस फासला आणि मी वाचनालयात दाखल झाले.

सुरुवातीची पाच वर्षं मला फळीवर पाठ टेकायला मिळाली नाही. एका घरातून सुटले की दुसऱ्या घरात. एका मुलीने मला गणिताच्या वहीत लपवून वाचलं आणि ती गणितात नापास झाली. तिच्या आईने राग माझ्यावर काढला. एका कंडक्टरने तिकिटाचा तुकडा खुणेला ठेवला, तो अजून माझ्याकडे आहे. लोक मला परत देताना नाक ओढत म्हणायचे, "काय सुंदर आहे हो!" मला वाटायचं, आपण म्हणजे कुणीतरी आहोत.

मग गुळगुळीत मुखपृष्ठांची नवी पुस्तकं आली. मी वरच्या फळीवरून मधल्या आणि मधल्यावरून तळाच्या फळीवर उतरले, जिथे रोज सकाळी फरशी पुसताना ओलं फडकं लागतं. माझ्या तारखांच्या चिठ्ठीवर अकरा वर्षं शिक्का पडला नाही. शेवटी ग्रंथपालबाईंनी रद्दीची यादी केली. जुनं रेल्वेचं वेळापत्रक, मधमाश्या पाळण्याचं पुस्तक आणि मी, असे तिघे एका सुतळीत बांधले गेलो. वेळापत्रक तर रडकुंडीलाच आलं होतं. त्याच्यातली एकही गाडी आता त्या वेळेला सुटत नव्हती.

त्याच दुपारी गळ्यात टेप अडकवलेला एक उंच, वाळका माणूस आत आला. बाजूच्या गल्लीतला टेलर. हा माणूस इतका कमी बोलायचा की गिऱ्हाइकं त्याला मुका समजून खुणांनी मापं सांगायची, असं म्हणतात. म्हणजे मीच म्हणते.

"बाई, एक पुस्तक हवंय," तो म्हणाला. "ज्यात कुणी रडत नाही असं."

"कुणासाठी?"

"घरी. म्हणजे आत्ता दवाखान्यात आहे ती."

बाईंनी हळूहळू एकेक शब्द उपसून काढला. त्याच्या बायकोच्या डोळ्यातला पडदा सुटला होता, तो डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून बसवला होता. आता दहा दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी. मान हलवायची नाही, खोकायचं नाही आणि रडायचं तर अजिबात नाही.

"आणि तिला रडायला कारण लागत नाही हो," टेलर म्हणाला. "साबणाची जाहिरात बघूनसुद्धा रडते. नुसतं पडून राहिली की विचार करते, विचार केला की डोळे भरतात. म्हणून म्हटलं वाचून दाखवावं. दुसरा डोळा लहानपणापासूनच अधू आहे. हा गेला तर..." तो टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

बाईंनी समोरच्या गठ्ठ्यातून मला ओढलं आणि माझ्या मलपृष्ठावरचा मजकूर वाचला. "हे बघा. 'मनाला ऊब देणारी कादंबरी.'"

टेलरने माझं कापड अंगठा आणि बोट यांच्यात धरून चाचपलं. "ऊब देणारी म्हणजे बरी असणार. लोकरीसारखी."

"न्या. परत नाही दिलीत तरी चालेल."

सुटले, म्हणून मला केवढं हायसं वाटलं! पण दाराबाहेर पडेपर्यंत मला पान एकशे बारा आठवलं. टेलरला कुणी सांगावं, की ऊब देणारी पुस्तकंच सगळ्यांत जास्त रडवतात? ऊब देण्याआधी आम्ही माणसाला चिंब भिजवतो. धंदाच आहे तो आमचा.

वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर ती झोपली होती. ती टेलिफोन एक्स्चेंजमधली जुनी ऑपरेटर. गल्लीत तिला सगळे हॅलोमावशी म्हणत. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून तिने लोकांच्या लाइनी जोडल्या होत्या.

"आलात?" पावलं ऐकूनच तिने विचारलं. "आणि हातात काय आहे? जाड आहे काहीतरी. वास जुना आहे."

"कादंबरी."

"तुम्ही? कादंबरी? अहो, तुम्ही लग्नपत्रिकासुद्धा माझ्याकडून वाचून घेता!"

टेलर स्टुलावर बसला आणि वाचू लागला. मित्रांनो, मला पुष्कळांनी वाचलं आहे, पण असं कुणी वाचलं नव्हतं. "गाव लहान. रस्ता एक. पूल एक," असं, जणू छाती छत्तीस, कंबर बत्तीस. तरीही हॅलोमावशी शांत पडून ऐकत होती. रोज दुपारी दुकान बंद करून तो यायचा, वीस-बावीस पानं वाचायचा. शिक्षिकेने आत्याचं घर झाडलं, बेकरीवालीशी तिची मैत्री झाली, खडूस माणसाची दाढ उपटली गेली. सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त मी आतल्या आत पानं मोजत होते. एकशे चार. एकशे सात.

पाचव्या दिवशी आम्ही एकशे दहाव्या पानाच्या तळाशी आलो. तिथे पूर्वीच्या कुणा वाचकाने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं : 'आता रुमाल काढा!!'

टेलर थांबला. त्याची नजर पुढच्या पानावर धावली, मग त्याच्या पुढच्या. एकशे बारावर म्हातारा पोस्टमन बर्फात, पुलाच्या कठड्याला टेकून बसतो. पत्रांची पिशवी छातीशी धरून. आणि मग उठत नाही.

टेलरची बोटं माझ्या कापडात रुतली. मला ते चांगलं जाणवलं. मी त्याच हातात होते.

"अहो, काय झालं? लाइन कट झाली का?"

"नाही, नाही. चालू आहे. पोस्टमन पुलावर बसला."

"अगं बाई! एवढ्या बर्फात? मग?"

"मग..." टेलरची नजर गळ्यातल्या टेपवर गेली. "मग उठला."

मी थक्क झाले! माझ्या इतक्या वर्षांत तो माणूस एकदाही उठला नव्हता.

"उठला. कारण त्याला थंडी वाजत होती. आणि थंडी का वाजत होती? तर त्याचा कोट. बगलेत आखूड. बगलेत आखूड असला की हात वर करताना सगळा कोट वर येतो, पोटाला वारा लागतो. मग तो गेला... टेलरकडे."

"ह्या गावात टेलर आहे? आधी कधी आला नाही तो."

"दुकान नवीन आहे."

अशा रीतीने, मित्रांनो, माझ्या गावात टेलरचं दुकान निघालं. माझ्या दोनशे चौसष्ट पानांत कुठेही टेलर नाही, एक सुईसुद्धा नाही! पण त्या दुपारी पोस्टमनचं माप घेतलं गेलं. छाती, खांदा, बाही, पाठ. अस्तर कुठलं लावायचं यावर दोघांची चर्चा झाली. जन्मभर चार शब्दांत काम भागवणारा हा माणूस तासभर न थांबता बोलत होता.

दुसऱ्या दिवशी खरी पंचाईत झाली, कारण पुढच्या पानांत अख्खं गाव पोस्टमनचा शोक करतं. टेलर चुकून वाचून बसला, "'त्या सकाळी गावातली सारी माणसं काळ्या कपड्यांत चर्चपाशी जमली.'"

"काळ्या का?" हॅलोमावशीने लगेच पकडलं.

"तागा," तो म्हणाला. "एकच तागा आला होता. काळा. सगळ्यांचे कपडे त्यातूनच शिवले."

"बरं. मग?"

"'सुताराने एक लांब लाकडी पेटी...'" तो अडखळला. "पेटी केली. कोटासाठी. घडी पडू नये म्हणून."

"माणसाएवढी पेटी? कोटाला?"

"पोस्टमन उंच होता गं!"

खाटेवर काहीतरी हललं. हॅलोमावशीचे ओठ दाबलेले होते, पण खांदे गदगदत होते. शेजारच्या खाटेवरची पेशंटही फिस्सकन हसली आणि मग ते आवरेना. नर्स धावत आली.

"मावशी! काय चाललंय? हसायचं नाही, सांगितलंय ना?"

"रडू नका म्हणालात," हॅलोमावशी म्हणाली.

"पाणी दोन्हींचं सारखंच असतं! हे बघा, पट्टी ओली झाली."

टेलर उभा राहिला. मी त्याच्या मांडीवरून खाली पडले, तेव्हा माझा हा कोपरा दुमडला. पट्टीच्या कडेला खरंच ओल आली होती. त्याचा चेहरा धुतलेल्या खादीसारखा पांढरा पडला.

"मी केलं हे," तो नर्सला म्हणाला. "मी काहीबाही बोललो."

त्यानंतर तीन दिवस त्याने वाचलं नाही. येऊन नुसता बसायचा. हॅलोमावशी विचारायची, "अस्तर लागलं का?" आणि तो म्हणायचा, "पडून राहा." मी पिशवीत होते. माझ्यातला पोस्टमन अर्ध्या कोटात उभा होता आणि मला कळेना की तो जिवंत धरू की मेलेला.

दहाव्या दिवशी सकाळी डॉक्टर पट्टी काढायला आले. टेलरला दाराबाहेर थांबवलं. त्याने मला दोन्ही हातांत असं पिळलं की माझ्या पाठीची शिवण उसवली. पण मी तक्रार केली नाही. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता. "हळूच उघडा. धूसर दिसेल. घाबरू नका. किती बोटं?"

टेलरला तेवढाही धीर धरवेना.

त्याने दार ढकललं. नर्सने अडवलं नाही.

"बोटं राहू द्या, डॉक्टर," हॅलोमावशी दाराकडे बघत म्हणाली. "ते दारात उंच कोण उभं आहे? शर्ट एका बाजूला वर, एका बाजूला खाली! अहो, बटणं एक काज चुकवून लावलीत. आणि म्हणे टेलर!"

डॉक्टर हसले, नर्स हसली. टेलर मात्र भिंतीला धरून खाली बसला आणि मला तोंडापुढे धरून ओक्साबोक्शी रडला. पान एकशे बारावर आजवर पडलेलं सगळ्यांत जास्त पाणी त्याच सकाळचं. हे मात्र खरं आहे, डाग दाखवू शकते.

घरी आल्यावर त्याने मला कपड्यांच्या कातरणांखाली दडवलं. तिला चष्मा मिळेपर्यंत मी तिथेच होते. पण नवा चष्मा लागल्यावर घरात काय दडून राहणार? तिने मला उपसून काढलं, खिडकीपाशी बसली आणि तीन दिवसांत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. एकशे बारावर ती थांबली तेव्हा दुकानातलं मशीनही थांबलं.

शेवटचं पान मिटून ती दुकानात आली.

"अहो, पोस्टमन पुलावरच गेला की."

"हो." तो सुईत दोरा ओवत राहिला, दोरा आधीच ओवलेला होता. "रागावलीस?"

"मला त्याच दिवशी कळलं होतं. तीस वर्षं आवाज ऐकलेत मी. माणूस कागदावरचं वाचतोय की मनातलं बोलतोय, एवढं मला कळत नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"चालू लाइन ऑपरेटर कधी तोडत नाही." तिने स्टूल ओढलं. "लग्नाला बत्तीस वर्षं झाली. एवढं तुम्ही माझ्याशी कधी बोलला होतात? आता सांगा. कोट झाला का पुरा?"

टेलरने सुई ठेवली. मशीनवरचं कापड बाजूला सारलं. मग हळूच म्हणाला, "डावी बाही राहिली आहे."

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी टेलरने जाड दोऱ्याने माझी पाठ शिवून दिली, बाइंडरपेक्षा घट्ट. आता मी मशीनशेजारच्या फळीवर असते. तुमच्या घरात, शाळेत, वाचनालयाच्या तळाच्या फळीवर माझ्यासारखी पुष्कळ पुस्तकं ओलं फडकं खात पडली आहेत. त्यांना उचला, पुसा, उसवली असतील तर शिवा. चहाचे कप दुसरीकडे ठेवा. आणि जमलं तर एखाद्यासाठी मोठ्याने वाचा. वाचताना मध्येच तुमचं स्वतःचं काही तोंडातून निघालं तर घाबरू नका. आम्ही कुणाला सांगत नाही.

डावी बाही राहिली होती त्या दिवशी हॅलोमावशीने मला मांडीवर उघडं धरलं होतं. माझं एकही पान उलटलं गेलं नाही आणि माझं वाचन दिवे लागेपर्यंत चाललं.