एका बोटात किती मायक्रॉन
आठवडाभर माझे सासरे वीतीने घर मोजत होते. पलंगापासून दारापर्यंत, दारापासून न्हाणीघरापर्यंत, भिंतीला हात लावून वीत वीत सरकायचे आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजायचे. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. आम्हाला वाटलं, नवं काहीतरी करायला घेताहेत. सासूबाईंनी तर मनातल्या मनात भांड्यांचं कपाट करवून घेऊन त्यात भांडी लावूनही टाकली होती.

गुरुवारी माझी सुट्टी असते. मी भाजी चिरत होते, तेवढ्यात ते समोर येऊन बसले.

"सूनबाई, तुमच्या कारखान्यात ते मायक्रॉन मोजतात ना?"

मोजतात म्हणजे काय! प्लास्टिकच्या फिल्मची जाडी तपासणं हेच तर माझं काम. कुणी मायक्रॉनचा विषय काढला की मला चेव येतो, आणि आमच्या घरात तो कुणीही काढत नाही. मी सुरी खाली ठेवली.

"मग एका बोटात किती होतात?"

हा प्रश्न फक्त त्यांनाच पडू शकतो. खिशात टेप असली तरी शेवटचा शब्द त्यांच्या बोटाचा. मी मुलीच्या दप्तरातली पट्टी आणली आणि त्यांचं बोट आडवं धरलं. चांगलं दोन सेंटिमीटर रुंद भरलं.

"वीस मिलिमीटर. एका मिलिमीटरमध्ये हजार मायक्रॉन. म्हणजे बाबा, तुमच्या एका बोटात वीस हजार!"

मला वाटलं, खूश होतील. ते बोटाकडेच बघत राहिले.

"आणि दोनशे नव्वद म्हणजे?"

"अहो, काहीच नाही. वहीचे तीन कागद एकावर एक ठेवा, झालं."

"तीन कागद," ते म्हणाले. "मग आता किती दिवस टिकणार तो?"

"कोण टिकणार?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांचा एक डोळा तरुणपणीच लाकडाची ढलपी उडून गेलेला. उरलेल्या डोळ्याच्या पडद्यात पाणी साचलं म्हणून इंजेक्शनं चालू होती. गेल्या वेळी तपासणी झाली तेव्हा माझा नवरा खाली गाडी लावायला जागा शोधत होता. डॉक्टर म्हणाले, "पडद्याची जाडी चारशे ऐंशी मायक्रॉन होती, ती दोनशे नव्वदवर आली. पुढच्या महिन्यात या." बस्स. डॉक्टरांना पुढचा पेशंट होता, आणि बाबांना प्रश्न विचारणं कमीपणाचं वाटतं.

"फळी इतकी पातळ झाली की मी तिच्यावर रंधा फिरवत नाही," सासरे म्हणाले. "जवळजवळ निम्मा झिजला पडदा. अजून दोन इंजेक्शनं, की भोक."

"म्हणून घर मोजत होतात?"

"डोळे मिटून. सवय नको का करायला? उद्या कुणाच्या अंगावर पडायला नको."

मला रडूही आलं आणि संतापही आला. डॉक्टरांचा, नवऱ्याचा आणि सगळ्यात जास्त या माणसाचा. आठवडाभर मनात ठेवलं आणि वर पोळ्या मऊ झाल्यात म्हणून माझं कौतुकही केलं!

"बाबा, पावसाळ्यात कपाटाचा खण फुगून अडकतो, तेव्हा तुम्ही काय करता?"

"काही करत नाही. सुकू देतो. घाईनं रंधा मारला तर नंतर खण खुळखुळतो."

"आणि सुकून जागेवर आला की झिजला म्हणून रडत बसता का?"

ते मान हलवून म्हणाले, "माझी समजूत काढू नकोस. मला अजून धूसरच दिसतंय."

माझ्या शब्दावर विश्वास नाही म्हटल्यावर मी सरळ दवाखान्यात फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तिथल्या बाईंनी कागद काढून शांतपणे सांगितलं: चारशे ऐंशी ही सूज होती, चांगला पडदा दोनशे सत्तरच्या आसपास असतो, आजोबांची सूज जवळजवळ उतरली आहे. नजर साफ व्हायला थोडे दिवस जातात, होईल.

"म्हणजे वीसच राहिले?" सासऱ्यांनी फोनच्या अगदी तोंडाशी तोंड नेऊन विचारलं.

"वीसच, आजोबा."

ते माझ्याकडे वळले. "बोटात सांग."

"बोटात नाही सांगता येत. केसाच्याही तिसऱ्या हिश्श्याएवढंच आहे."

"हात्तिच्या!" ते म्हणाले आणि मोठ्याने हसायला लागले. माझा जीव भांड्यात पडला. मीही हसत सुटले.

आवाज ऐकून सासूबाई आल्या. त्यांना सगळं सांगितलं तर त्या सासऱ्यांकडे वळल्या.

"एवढं मनात होतं आणि मला बोलला नाहीत? रोज समोर बसून नुसते टक लावून बघत होतात माझ्याकडे. मी म्हटलं, म्हातारपणी हे काय नवीन!"

"बघून ठेवत होतो," सासरे म्हणाले. "नंतर दिसली नसतीस म्हणून."

सासूबाईंनी आपली खुर्ची उचलली, सासऱ्यांच्या अगदी समोर, खिडकीच्या उजेडात आणून ठेवली आणि तिच्यावर बसल्या.