पंचनाम्यातला वास

पंचनाम्यावर माझी सही आहे. पंच क्रमांक एक, क्लेमेंट, धंदा गॅरेज, राहणार होळी, वसई. सहीच्या वर हवालदाराने लिहिलंय, 'सदर इसमाच्या अंगास दारूसारखा उग्र वास येत होता. मद्याच्या अमलाखाली वाहनावरील ताबा सुटून वाहन बावखलात पडले.' सरकारी मराठी फार सोयीची असते. तिच्यात कोणी काही करत नाही. ताबा आपोआप सुटतो, वाहन आपोआप पडतं.

एकोणऐंशी सालचा मार्च होता, उपवासकाळातला शुक्रवार. सकाळी साडेसहाला बॅप्टिस्ट रोजच्यासारखा वाड्यांमधली केळी आणि भाजी तीनचाकी टेम्पोत भरून वसई रोड स्टेशनला निघाला होता. आमच्या वाडीच्या वळणावर टेम्पो उलटा होऊन रस्त्याकडेच्या बावखलात गेला. बावखल म्हणजे शिंपण्यासाठी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं, आमच्याकडे प्रत्येक वाडीला एक असतंच. केबिन खाली, मालाचं ओझं वर. माणसं धावली, दोर लावले, पण बॅप्टिस्ट बाहेर निघाला तो मेलेलाच. समोरून दुसरी गाडी नव्हती आणि पडताना कोणी पाहिलंही नव्हतं.

बॅप्टिस्ट पूर्वी प्यायचा. चांगला प्यायचा, खोटं कशाला सांगू. पण दोन वर्षांपूर्वी घरासमोरच्या क्रुसापुढे, बायकोच्या देखत, त्याने शपथ घेतली आणि सोडली. तेव्हापासून त्याची बायको उर्सुला रोज संध्याकाळी त्या क्रुसापाशी मेणबत्ती लावायची. माझं गॅरेज बरोबर समोर, त्यामुळे मी ती रोज बघायचो. गावही बघायचं. दोन वर्षं गाव टपून बसलं होतं, हा शपथ कधी मोडतोय म्हणून. तो मेला त्या दिवशी चर्चमधल्या मिस्साहून परतणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण त्याच्याखाली समाधान होतं. मला ते दिसलं आणि मला त्यांची किळस आली. नंतर स्वतःची जास्त आली, ते पुढे सांगतो.

हवालदार साडेनऊला आला. घाटावरचा माणूस, नुकताच बदलून आलेला. बॅप्टिस्टला रस्त्याच्या कडेला गोणपाटावर ठेवलं होतं. हवालदार वाकला, नाक मुरडलं आणि म्हणाला, "सकाळी सकाळीच टाकली होती की यानं."

वास मलाही आला होता. पण मी वाडीत वाढलेला माणूस. केळीचा तोडलेला खांब चार-पाच महिने मातीखाली कुजला की नेमका असाच वास मारतो, शिळ्या ताडीसारखा आंबूस. प्रेताच्या उशाशीच काळ्या चिखलाचा ताजा ढीग होता. त्याच्या पलीकडे रस्त्याचा हातभर रुंद पट्टा नव्या विटांच्या तुकड्यांनी भरलेला होता. आणि त्या पट्ट्यावर माझा थोरला भाऊ, ऑगस्टीनदादा, हातात फावडं घेऊन उभा होता. हवालदाराने विचारलं तेव्हा दादाने सांगितलं, खड्डा होता, आणखी कोणी पडायला नको म्हणून बुजवला. हवालदाराला ते कौतुकाचं वाटलं. दादाने माझ्याकडे बघितलं. मी खाली वाकून सही केली.

डॉक्टरांनी पाण्यात गुदमरून मृत्यू एवढं लिहिलं. पोटात काय होतं याची तपासणी मुंबईहून व्हायची होती. ती झाली की नाही, कोणी विचारलं नाही. अंगाला वास येत होता असं पंचांनीच लिहून दिलंय म्हटल्यावर विचारायचं तरी काय?

आठ दिवसांनी उर्सुला गॅरेजवर आली. मेणबत्ती लावणं तिने बंद केलं होतं. क्रूस आठ दिवस अंधारात होता आणि गावाने त्याचाही अर्थ लावला होता. ती स्टुलावर बसली नाही. म्हणाली, "क्लेमेंटभाऊ, गाडीचं तुला कळतं. जाऊन बघ आनि मला एवढंच सांग. तो प्यायला होता का? बाकी मला काय नको."

मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?

टेम्पो पोलिसांच्या आवारात आडवा पडला होता. ब्रेक धड होते, हँडल धड होतं. पुढच्या एकट्या चाकाचा फोर्क मात्र मागे दुमडलेला होता. आता पाण्यात पडलेल्या गाडीचा फोर्क दुमडत नाही. भरल्या गाडीचं चाक एकदम खाली गेलं आणि समोरची कड त्याला आडवी आली, तरच तो असा दुमडतो. केबिनच्या कोपऱ्यांत काळा चिखल उडून वाळला होता आणि चाकाच्या हबला काळपट धागे गुंडाळले गेले होते. मी ते बोटांनी ओढून काढले. केळीच्या सोपाचे, म्हणजे खांबाच्या सालीचे, धागे ओळखायला मला शाळेत जावं लागलं नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये दादाने बावखलातलं पाणी पलीकडच्या वाडीत न्यायला रस्ता आडवा फोडून पाइप टाकला होता. पंचायतीला न विचारता, एका रविवारी दुपारी. चर बुजवायला मुरूम मिळेना. घड काढून झालेल्या केळीचे खांब बांधावर पडलेले होते. वाडीतली पायवाट खचली की आम्ही तेच करतो, खांब टाकतो आणि वर माती ओढतो. महिन्याभराने ते बसतात, मग आणखी दोन टाकतो. आमचे आजेपणजे हेच करत आले. पण वाडीत माणूस चालतो, फार तर एखादी गाय. रस्त्यावर भरलेला टेम्पो जातो आणि तिथे पुन्हा खांब टाकायची आठवण कोणाला राहत नाही. वरची खडी तशीच दिसते, खाली सगळं पोकळ होत जातं.

हे सगळं मला ठाऊक होतं, कारण चरात खांब टाकायला मीच होतो. दादाने विचारलं होतं, चालेल ना रे, तुला गाड्यांचं कळतं. आणि मी, ज्याला चाकावर किती भार येतो ते कळतं, तो म्हणालो होतो, चालेल.

दादाकडे गेलो. त्याने ऐकून घेतलं. त्याच्या लिडियाचं लग्न ईस्टरनंतर ठरलं होतं, ते सांगितलं. पंचायतीच्या निवडणुकीला तो उभा राहणार होता, ते सांगितलं नाही. ओरडला नाही, उलट मायेने बोलला, आणि त्याचाच मला राग आला. शेवटी म्हणाला, "बॅप्टिस्ट प्यायचाच ना रे? कोनाला खोटं वाटलं का? मग आता कशाला उकरतोस?"

मी तिथून उठलो तो तावात. ठरवलं होतं, उर्सुलाला सगळं सांगायचं. तिच्या ओट्यावर पोहोचेपर्यंत त्यातलं अर्धंच शिल्लक राहिलं.

"उर्सुलाबाय, तो प्यायला नव्हता," मी म्हणालो. "गाडी सांगते तसं. पुढचं चाक खाली गेलं. रस्ता खचला."

ती सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. थांबली नाही. "कशानं खचला?"

"जुना रस्ता," मी म्हणालो. "कशानंही खचतो."

तेव्हा तिने सूप खाली ठेवलं.

"त्याला अंघोळ मी घातली," ती म्हणाली. "केसांतनं, कानांतनं तो चिखल मी काढला. बारा वरसं तुमच्या वाडीत कामाला येते मी, क्लेमेंटभाऊ. तो वास मला कळनार नाय? ते खांब पन मीच तोडलेले. दादानं सांगितलं बांधावर टाक, मी टाकले."

मी विचारलं, सगळं ठाऊक होतं तर मला का पाठवलंस?

"ठाऊक व्हायला काय, कोनाला पन होईल. मी सांगितलं तर लोक म्हनतील, नवऱ्याचं झाकते. पंच तू आहेस. तू बोलतोस का ते बघायचं होतं." तिने सूप परत उचललं. "उद्या चौकीवर चल. सही केलीस तिथंच सांग, वास कशाचा होता."

मी येतो म्हटलं. खरंच जाणार होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टही चढवला. बायको सालोमी दारात उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, लिडियाचं लग्न होऊन जाऊ दे. लग्न झालं. मग निवडणूक झाली, दादा निवडून आला. मग पाऊस लागला. मग उर्सुलाने आमच्या वाडीत येणं सोडलं आणि गावाने त्याचाही अर्थ लावला, की दारुड्याची बायको, मिजास बघा.

सात वर्षं झाली. वळणावर डांबर पडलं. लोक अजून पोरांना सांगतात, हळू जा, इथं तो दारुडा बुडला होता. सांगणाऱ्यांत दादा आहे. ऐकणाऱ्यांत मी असतो.

उर्सुलाने मेणबत्ती मात्र पुन्हा सुरू केली, मी तिच्या ओट्यावरून परत आलो त्याच संध्याकाळी. रोज येते, काडी ओढते, हाताच्या आडोशाने वात पेटवते. मग वळून गॅरेजकडे बघत थोडा वेळ उभी राहते. ती यायची वेळ मला पाठ झाली आहे. त्या वेळी मी कुठल्या ना कुठल्या गाडीखाली आडवा असतो, त्या गाडीला काही झालेलं नसलं तरी.