ताकाला सुटलेली तार

दही लावण्यात आमच्या सुभानपुऱ्यात माझा हात धरणारं कोणी नाही. फुशारकी नाही, खरं तेच सांगते. सासूबाईंनी दिलेलं विरजण मी लग्न झाल्यापासून जपत आले. शेजारच्या हंसाबेनही दही लावायला त्यातलंच मेळवण नेतात. त्यामुळे माझ्या पेल्यातल्या ताकाला एके दिवशी तार सुटली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

तसं ते आधीपासूनच फिरलेलं होतं म्हणा. साखरेनं माझे डोळे धरले होते. डॉक्टर म्हणाले, आतल्या पडद्याला सूज आहे, डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल, नाहीतर नजर जाईल. पोटात इन्सुलिन मी रोज टोचून घेते, पण डोळ्यात सुई? छे! घरी येऊन यांना बजावलं, पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. यांनी मान डोलावली. आमचे माधवराव बोलतच नाहीत. शाळेत गणित शिकवता शिकवता सगळं बोलून झालं असावं.

त्याच सुमारास वरच्या मजल्यावरची मोहना आली. समुद्री शेवाळातून काढलेली एक पूड जेवणाआधी घेतली तर साखर हळू चढते का, हे तिची प्रयोगशाळा तपासत होती. यांची साखर नुकतीच वाढायला लागलेली, म्हणून यांना प्रयोगात घेतलं. मला इन्सुलिन चालू, म्हणून घेतलं नाही. कोणाच्या पुडीत शेवाळ आणि कोणाच्या पुडीत नुसतीच साधी पूड, हे तिलाही ठाऊक नव्हतं. पुडी पाण्यात ढवळायची आणि प्यायची, एवढंच यांचं काम.

आमच्याकडे ताक मी घुसळते आणि पेल्यांत हे ओततात. मी पोळ्या आटोपून बसेपर्यंत यांचा पेला रिकामा. माझा मात्र बुळबुळीत, तळाशी गाठी. विचारलं तर म्हणे, मला तर छान लागलं. या माणसाच्या जिभेला काही कळेल तर शपथ! मी दूधवाल्याला फैलावर घेतलं. बिचारा कितीतरी दिवस तोंड चुकवत होता. मग दूध बदललं, भांडं बदललं, तरी तार सुटायची थांबेना. यांचं लक्ष नाही असं बघून मी ते ताक कढीलिंबाच्या कुंडीत ओतायची.

शेवटी ठरवलं, विरजणच नासलं. एका दुपारी होतं नव्हतं ते सगळं सिंकमध्ये ओतलं आणि तिथेच रडू फुटलं. सासूबाई पुन्हा एकदा गेल्या असं वाटलं.

हे दारात उभे होते. चेहरा पार उतरलेला.

"लता, दह्याला काही झालेलं नाही," हे म्हणाले. "माझी पुडी मी तुझ्या ताकात घालत होतो."

मी पदरानं डोळे पुसले.

"तुला डोळ्यात सुई नको होती ना. म्हटलं, साखर उतरली तर टळेल."

मला असा राग आला! तशीच मोहनाला खाली बोलावलं. तिनं यांना समोर बसवून चांगलंच सुनावलं. इन्सुलिन चालू असताना वर ही पूड, काकूंची साखर एकदम उतरली असती, चक्कर येऊन पडल्या असत्या तर काय केलं असतंत, म्हणाली. प्रयोगातून यांचं नाव कापलं. हे मान खाली घालून ऐकत राहिले, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखे.

ती गेल्यावर मी सांगून टाकलं की ते ताक माझ्या पोटात कधी गेलंच नाही. कढीलिंबाची साखर तेवढी आटोक्यात आली असेल, असंही म्हटलं. हे हसले नाहीत. इतके हिरमुसले की माझा राग कुठल्या कुठे गेला. जन्मभर दोन आणि दोन चारच म्हणणारा माणूस माझ्या भीतीपायी असलं वेडं गणित मांडून बसला होता. मला लाज वाटली, आणि फार माया आली.

"डॉक्टरांना फोन लावा," मी म्हटलं.

इंजेक्शन झालं. वाटलं होतं तेवढं काही नव्हतं, पण यांना मी तसं सांगितलं नाही. थोडा भाव खाल्ला. घरी आले तर हंसाबेनच्या हातचं दही ओट्यावर तयार. माझंच विरजण त्यांच्या घरी नांदत होतं की! तमारुं ज छे, बेन, तुमचंच आहे हे, म्हणाल्या.

एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यानं धूसर दिसत होतं. यांनी ताकाचा पेला माझ्या हातात दिला.

"काय घातलंय यात?"

"मीठ."

मी ते एका दमात पिऊन टाकलं.