कृपया धावू नये

"फक्त नकार शिकवा," निवृत्त पहारेकरी म्हणाले.

स्पॅनिशच्या शिकवणीच्या बाईंनी उघडलेलं पुस्तक तसंच धरून ठेवलं. "आजोबा, नात चार वर्षांची आहे ना? तिच्याशी काही गोड बोलायला नको?"

"गोड तिची आजी बोलेल. भाषा येत नसली म्हणून तिचं काही अडत नाही. मला मराठीतसुद्धा 'करू नका' एवढंच येतं."

यात खोटं काही नव्हतं. संग्रहालयातल्या काचेच्या भांड्यांच्या दालनात एकतीस वर्षं उभं राहून त्यांनी दुसरं फारसं काही उच्चारलंच नव्हतं. सहकारी त्यांना नकोकाका म्हणत. तेवढ्या काळात एक भांडं फुटलं नाही आणि एक माणूस दुखावला नाही, कारण काका 'कृपया' कधी विसरले नाहीत.

मुलगी परदेशी मुलाशी लग्न करून तिकडेच राहिली. नातीला बापाचीच भाषा यायची. फोनवर आजोबा दिसले की ती टेबलाखाली जायची. आता ती पंधरा दिवसांसाठी येणार होती. त्यात एकदा तरी ती आपणहून आपल्या जवळ यावी, एवढं काकांना हवं होतं. बाईंना अर्थात त्यांनी हे सांगितलं नाही. घरातल्या वस्तूंची काळजी वाटते, असं सांगितलं.

"सोपं आहे," बाई म्हणाल्या. "आधी 'नो'. मग 'आर'वाल्या क्रियापदाच्या शेवटी 'ए', आणि 'एर', 'ईर'वाल्यांच्या शेवटी 'आ'; एरवीच्या बरोबर उलट. मुलांना म्हणताना त्यापुढे 'स' लावायचा."

"म्हणजे सभा सुटल्यावर एकमेकांच्या चपला घालून गेल्यासारखं."

"अगदी. पण तो 'स' विसरू नका. नाहीतर ते अहो-जाहो होतं."

काकांनी वहीत सगळी वाक्यं 'स' गाळून लिहून घेतली.

नात आली ती थेट सोफ्यावरून खुर्चीवर, खुर्चीवरून टेबलावर. आई ओरडली, बाप ओरडला, आजीने खाऊ दाखवला. काका दाराशी हात मागे बांधून उभे राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पोर फावोर, नो सुबा."

कृपया वर चढू नये. पोर थबकली. मागे कोणी मोठ्या बाई आल्यात का, ते तिने वळून पाहिलं. कोणी नव्हतं. मग तिने फ्रॉक सारखा केला आणि टेबलावरून रीतसर खाली उतरली.

मुलीला हसू आवरेना. "बाबा, अहो तिला काय अहो-जाहो करताय!"

"मग? अजून ओळख कुठे झालीय?"

"एवढं अदबीनं माझ्याशी नाही कधी बोललात," आजी म्हणाली.

"तू ऐकणार होतीस?"

त्यानंतर घरात बाकीच्यांचं ओरडणं फुकट जाऊ लागलं आणि काकांची विनंती मान्य होऊ लागली. "नो कोर्रा" म्हटलं की नात धावणं सोडून ठुमकत चालायची. पुढे पुढे तर ती मुद्दाम त्यांच्यासमोर येऊन दोन पावलं धावायची आणि विनंतीची वाट बघत थांबायची. पण हातभर अंतर ठेवूनच. काकाही पुढे सरकत नसत.

अकराव्या दिवशी दुपारी काका पेपर वाचत सोफ्यावर बसले होते. नात आली. धावली नाही, चढण्याजोगं काही शोधलं नाही. शेजारी बसली, त्यांचा उजवा हात पेपरावरून उचलून स्वतःच्या डोक्याखाली घेतला आणि झोपून गेली. पेपर घसरून खाली पडला. काकांनी तो पडू दिला.

तासाभराने मुलगी आली. "हात दुखेल बाबा. द्या, आत निजवते."

ती वाकली, तसे काका डोळ्यांनीच रागावले आणि नातीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "नो ला लेवान्तेस."

तिला उचलू नकोस, 'स'सकट. हे वाक्य वहीत नव्हतं, आणि मुलीला मराठी चांगलं येत होतं.

ती पडदा ओढून निघून गेली. काका ताठ बसून राहिले. हाताला कधीच्या मुंग्या आल्या होत्या.